वजनात न बसलेला कागद

पडद्यावर जे दिसत होतं ते सुलेखाला आधी सीताफळ वाटलं. पिकून फुटायला आलेलं, डोळ्याडोळ्यांतून ओलसर चकाकणारं. मग त्या सीताफळाच्या मधून लाल दोऱ्यांसारख्या बारीक रेघा गेलेल्या दिसल्या आणि तिला वाटलं, नासलेलं दिसतंय.

"हे काय दाखवाल्यात गं?" तिनं लेकीला विचारलं.

"युअर नोज, मा," जाई म्हणाली.

सुलेखानं मान हलवली. पडद्यावरचं सीताफळही हललं.

सिंगापुरात, क्लेमेंटीच्या बाजारात एका दुकानासमोर टेबल मांडून पांढऱ्या कोटातली एक पोरगी येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांचे चेहरे फुकट तपासत होती. तिच्या हातात पेनाएवढा कॅमेरा होता. तो नाकाला टेकवला की नाक मागच्या टीव्हीवर दिसायचं, ताटाएवढं. "पोअर्स व्हेरी बिग, आंटी," ती पोरगी दुःख झाल्यासारखा चेहरा करून म्हणाली. "अँड सी, सो मेनी रेड लाइन्स." दहा फेशियलचं पॅकेज घेतलं की वाफेनं ही भोकं उघडतील, मळ निघेल आणि बर्फानं बंद होतील, असं तिचं म्हणणं. जशी काही नाकाला दारं-खिडक्याच बसवल्यात.

सोळा वर्षांची जाई आधी फिदीफिदी हसत होती. आईकडं बघितलं आणि तिचं हसू विरलं. "मा, इट्स ओन्ली कॅमेरा लाह. एव्हरीबडी ऑल्सो लाइक दॅट."

पण सुलेखाला ऐकूच येत नव्हतं. पडद्यावर तिचं नाक नव्हतंच. तासगावात द्राक्षाच्या बागेत चाळीस वर्षं उन्हात उभे राहिलेले तिचे आप्पा, त्यांचं नाक होतं ते. आप्पांचे दोस्त म्हणायचे, जगदाळ्याच्या नाकात टाचण्या रोवून ठेवा, शिंप्याला उशी नको. त्यांच्या पोरीचं, सुलेखाचं नाकही तसंच निघालं. नवऱ्याच्या, म्हणजे विश्वासच्या घरची मंडळी तिला बघायला आली तेव्हा त्याच्या आत्यानं तोंडावर सांगितलं, "पोरगी उजळ आहे, नाक तेवढं खडबडीत आहे." विश्वासनं नाकाकडं बघितलंही नाही, होकार कळवला. पण ते "तेवढं" सुलेखाच्या डोक्यात रुतून बसलं.

त्या "तेवढ्या"साठी तिनं काय काय केलं म्हणता! मुलतानी माती झाली, दह्यात कालवलेलं डाळीचं पीठ झालं, अर्धं लिंबू साखरेत बुडवून नाकावर रगडून झालं. एकदा तर जुन्या टूथब्रशनं घासलं. जितकं घासावं तितकं नाक दुसऱ्या दिवशी जास्त लाल, जास्त तेलकट. आणि भोकं जिथल्या तिथं.

नव्याण्णव साली विश्वास जुरोंग आयलंडवरच्या एका रसायनाच्या कारखान्यात लागला आणि हे कुटुंब सिंगापूरला आलं. क्लेमेंटीला फ्लॅट मिळाला. पहाटे कंपनीची बस विश्वासला घेऊन जायची आणि सुलेखा दिवसभर एकटी. मराठी बायकांच्या गणपतीत पहिल्यांदा गेली तेव्हा तिनं तासगावकडच्या बायकांच्या रिवाजाप्रमाणं "मी येतो, मी बसतो" म्हटल्यावर पुण्या-मुंबईच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. हसली नाही ती एकटी नीलिमा. बँकेत मोठ्या हुद्द्यावर, बुओना व्हिस्टाच्या उंची सोसायटीत, काँडोत घर, बोलणं अस्सल पुणेरी. तिनं सुलेखाचा हात धरला आणि विचारलं, "भडंग करता येतं का हो तुम्हाला? माझी आई सांगलीची." त्या दिवसापासून दोघी "अगं-तुगं"वर आल्या. नीलिमाची राधिका तेव्हा शाळेत होती. सुलेखामावशीच्या हातचं भडंग खाऊनच ती मोठी झाली.

क्रीमची ट्यूब आली ती दोन हजार तीन सालच्या सुट्टीत. सुलेखाचा मावसभाऊ सुबोध याचं तासगावात औषधांचं दुकान. त्यानं काउंटरखालून एक ट्यूब काढून दिली. "ताई, ही लावून बघ. सगळ्या बायका नेत्यात." सुलेखानं लावली. पंधरा दिवसांत पुटकुळ्या गेल्या, रंग उजळला आणि नाक! नाक साबणाच्या नव्या वडीसारखं गुळगुळीत. ती परत आली तर बायका बघतच राहिल्या. ज्या हसल्या होत्या त्याच आता कोपऱ्यात ओढून विचारायला लागल्या, "काय लावतेस गं?"

आणि सुलेखाला मान मिळाला. दरवर्षी सुट्टीला निघताना तिच्याकडं याद्या यायच्या. कुणाला गुडघ्याचं तेल, कुणाला थायरॉइडच्या गोळ्या आणि बहुतेकांना "सुलेखाची ट्यूब". परतताना तासगावात बॅगा भरायचा सोहळा व्हायचा. द्राक्षाच्या पेट्या तोलायचा आप्पांचा स्प्रिंगचा काटा दाराच्या कडीला अडकवायचा, त्याला बॅग टांगायची आणि विश्वासनं खाली बसून आकडा वाचायचा. वीस किलोच्या वर काटा गेला की विश्वास औषधांची खोकी फाडायला बसायचा.

"खोकं म्हणजे निव्वळ हवा. हवेला कशाला विमानात बसवायचं?"

खोकी जायची, खोक्यातले घडी घातलेले कागद जायचे. नागड्या ट्यूबा मोज्यांत भरून चिवड्याच्या डब्याशेजारी निजायच्या. आज चार वर्षांत अकरा घरांत ती ट्यूब पोचली होती.

पण गेले सहा महिने तिचा चेहरा गॅससमोर उभं राहिलं की पेटायचा. उन्हात गेलं की चुरचुरायचा. इथली हवाच वाईट, असं म्हणून ती ट्यूब जरा जास्त लावत होती. आणि आज हे सीताफळ.

जाईनंच बापाला सांगितलं, विश्वासनं सरकारी पॉलिक्लिनिकमधून चिठ्ठी आणवली आणि शनिवारी सकाळी सुलेखा त्वचेच्या डॉक्टरसमोर बसली. डॉक्टर लिम साठीच्या, चष्मा कपाळावर चढवलेला. सुलेखाला पहिली गोष्ट दिसली ती ही, की डॉक्टरच्याच नाकावर ठळक भोकं आहेत.

"तुम्ही माझ्या नाकाकडं बघताय," डॉक्टर इंग्रजीत म्हणाल्या. सुलेखा शरमली. त्या हसल्या. "बघा की. हे माझ्या वडिलांचं."

सुलेखाला इंग्रजी चांगलं समजायचं, पण डोक्यात उतरताना ते सगळं मराठी होऊन उतरायचं. डॉक्टरांनी कागदावर पेनानं एक विहिरीसारखं चित्र काढलं. कातडीच्या आत तेलाची गाठ असते, त्या तेलाची बाहेर यायची वाट म्हणजे हे छिद्र. ज्याची कातडी तेलकट त्याची वाट रुंद. ती आई-बापाकडून येते. तेल आणि मेलेली कातडी आत अडकली की वाट आणखी ताणते. वय वाढलं, वर्षानुवर्षं ऊन खाल्लं की भोवतालची कातडी सैल पडते, विहिरीचा काठ ढासळावा तशी, आणि तोंड मोठं दिसतं.

"वाफेनं उघडत्यात आणि बर्फानं मिटत्यात म्हणाली ती पोरगी."

"त्यांना स्नायू नाहीत. उघडणार-मिटणार कशी? आणि कायमची जातही नाहीत. कमी दिसतात, इतकंच." मग डॉक्टरांनी बोटांवर मोजत सांगितलं. सौम्य फेसवॉशनं दोनदा धुवायचं, रगडायचं नाही. रोज सनस्क्रीन, ढग असले तरी. सॅलिसिलिक ऍसिडनं आतला मळ सुटतो, रेटिनॉइडची क्रीम महिनोन् महिने लावली की कातडी जरा भरते. काहींना लेझरनं थोडा फरक पडतो. "पण यातलं काहीच तुम्हाला आज देता येणार नाही. हा चेहरा नुसत्या छिद्रांचा नाही. काय लावता तुम्ही?"

सुलेखानं पर्समधून ट्यूब काढली. सगळ्यात शेवटची, न फोडलेली. आज इथून सरळ नीलिमाकडं जाऊन ती राधिकाला द्यायची होती. राधिका पंचवीस वर्षांची, अठरा दिवसांनी तिचं लग्न. वर्षभर ती हीच ट्यूब लावत होती.

डॉक्टरांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. ट्यूबच्या बुडाशी मुंग्यांएवढी अक्षरं होती, ती वाचली. मग ट्यूब टेबलावर अशी ठेवली, जशी ती फुटणार आहे.

"किती काळ लावताय?"

"चार."

"चार दिवस?"

"वर्षं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"यात कडक स्टेरॉइड आहे."

सुलेखाला तालमीतली पोरं आठवली. दंड फुगावेत म्हणून चोरून सुया टोचून घेणारी, नंतर किडन्या घालवून बसलेली. "पैलवान घेत्यात ते?"

"त्याचंच लांबचं भावंड. हे कातडीचं औषध आहे, चांगलं औषध आहे. डॉक्टरनं सांगितलं तितके दिवस, सांगितलं त्या जागी. चेहऱ्यावर वर्षानुवर्षं लावलं की कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी होते. आधार गेला की छिद्रं आणखी मोठी दिसतात. त्या लाल रेघा म्हणजे आतल्या शिरा, आता वर दिसायला लागल्यात. आणि एकदम सोडलं तर चेहरा भडकतो. लोकांना वाटतं औषध थांबवल्यानं झालं, म्हणून परत लावतात."

सुलेखाचा हात आपोआप गालाकडं गेला आणि गालाला न लागताच परत आला. "दुसऱ्या कुणी लावली असंल तर? तरणी पोरगी असंल तर?"

"तेच होणार."

"तिचं लग्न असंल तर?"

डॉक्टरांनी तिच्याकडं नीट बघितलं. "खोक्यात कागद असतो. त्यावर हे सगळं लिहिलेलं असतं. तुम्ही वाचला नाही?"

काय सांगणार? वजनाला नको म्हणून फेकला, हे इंग्रजीत कसं म्हणायचं ते तिला सुचेना. मराठीतही सुचलं नसतं. डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर शोधून तो कागद छापून दिला. दुसऱ्याच ओळीत होतं: डॉक्टरच्या सल्ल्याशिवाय चेहऱ्यावर लावू नये. इतकं सरळ. सुलेखानं ती ओळ तीनदा वाचली. ट्यूब आणि कागद दोन्ही एकाच कप्प्यात टाकून ती बाहेर पडली.

क्लेमेंटीहून बुओना व्हिस्टा एमआरटी रेल्वेनं दोन स्टेशनं. समोर बसलेल्या माणसांची नाकं बघत ती गेली. चिनी, मलय, तमिळ, सगळ्यांच्या नाकांना भोकं. आठ वर्षं ती या गाडीत बसत होती आणि एकाही माणसाचं नाक तिनं आजवर बघितलेलं नव्हतं. मग तिचं कोण बघत होतं?

नीलिमानं दार उघडलं आणि तिला हाताला धरून आतच ओढलं. "बरं झालं बाई आलीस! देवासारखी आलीस. ट्यूब आणलीस ना?"

"का गं? काय झालं?"

"अगं, नऊ दिवसांपूर्वी संपली. आता तू आणशीलच म्हणून थांबलो. आणि बघ ना काय झालंय. राधिका, बाहेर ये, मावशी आलीय!"

राधिका बाहेर आली. सुलेखानं तिला सोफ्यावर जवळ बसवलं. पोरीचा चेहरा निखाऱ्यावर धरल्यासारखा लाल, गालांवर पुटकुळ्यांचे पुंजके, नाकाची कातडी सोललेली. डोळे रडून बारीक झालेले.

"मावशी, खूप जळतंय गं," ती म्हणाली.

"ट्यूब लावली की दोन दिवसांत शांत होईल, हो ना?" नीलिमा विचारत होती. "मागे दोन दिवस चुकली होती तेव्हा तसंच झालं होतं. अठरा दिवसच राहिलेत. पत्रिका गेल्यात, नवऱ्याकडची माणसं पुण्याहून निघतील आता. दे ना पटकन."

ट्यूब पर्समध्ये होती. सुलेखाचा अंगठा चेनवर होता. लावली असती तर पोरगी खरंच दोन दिवसांत शांत झाली असती. लग्नात फोटो साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत आले असते. सगळ्यांनी म्हटलं असतं, सुलेखाची ट्यूब. नंतर जे व्हायचं ते सासरी झालं असतं आणि कुणालाही कशाचा पत्ता लागला नसता. या परक्या गावात जी एकच मैत्रीण जोडली, ती राहिली असती.

तिनं चेन उघडली आणि कागद बाहेर काढला.

"नीलिमा, ही ट्यूब लावायची न्हाई. ह्यो कागद वाच. माझ्यामुळं झालंय हे."

नीलिमा बँकेत दिवसभर कागदच वाचायची. तिनं उभ्याउभ्या वाचला. मग मान वर न करता विचारलं, "हा कागद कुठे होता?"

"खोक्यात असतोय. आम्ही टाकून देत होतो. वजनाला नको म्हणून."

"वजनाला."

"व्हय."

"तुला माहीत नव्हतं काय आहे ते, तर माझ्या मुलीच्या तोंडाला दिलंस कशाला गं?" नीलिमाचा आवाज चढला नाही, फाटला. "आणि मी! मी पन्नास पानं वाचल्याशिवाय सही करत नाही, आणि घरात एक ट्यूब घेताना…" तिनं दाराकडं बघितलं. सुलेखा उठली. डॉक्टरांचं कार्ड टीपॉयवर ठेवलं. "सोमवारी सकाळची पहिली वेळ दवाखान्यातनं निघतानाच मागून घेतली आहे मी, तिच्या नावानं. एकदम बंद करून घरी बसायचं न्हाई म्हणाल्यात. त्या सांगतील तसं करा."

लिफ्टपर्यंत राधिका मागून आली. लिफ्टचं बटण दाबून उभी राहिली. दार उघडल्यावर म्हणाली, "मावशी, तुझाही चेहरा जळतो का गं?"

"जळतोय की," सुलेखा म्हणाली.

संध्याकाळी विश्वास घरी आल्यावर तिनं कागद त्याच्यापुढं ठेवला. त्यानं तो वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला. आयलंडवर त्याचं काम काय, तर कारखान्यात येणाऱ्या प्रत्येक पिंपाचा कागद तपासायचा. आत काय आहे, अंगावर सांडलं तर काय करायचं. कागद नसला की पिंप फाटकातूनच परत.

"साबणाचं पिंपसुद्धा कागदाशिवाय आत घेतलं न्हाई कधी," तो म्हणाला. "आणि हितं मी स्वतः बसून फाडत होतो."

रविवारी सुलेखानं उरलेल्या दहा घरी फोन केले. कुणी हबकलं, कुणी शिव्या घातल्या, एकीनं विचारलं, "मग तुझ्याकडची उरलेली मला देशील का, मला तर सूट होते." तिच्या घरी सुलेखा कागदाची झेरॉक्स घेऊन स्वतः गेली आणि मोठ्यानं वाचून दाखवूनच परतली.

सोमवारी दवाखान्यात नीलिमा, राधिका आणि सुलेखा एकाच बाकावर बसल्या. नीलिमानं मध्ये एक जागा सोडली होती. पुढच्या दोन्ही खेपांनाही तेवढी जागा सुटलीच.

हळदीच्या दिवशी सुलेखा जाऊ की नको करत गेली आणि काँडोच्या हॉलमध्ये पाठीमागं उभी राहिली. राधिकाचा चेहरा मेकअपशिवाय उघडा होता. लाली उतरली होती, पुरती गेली नव्हती. नाकावर भोकं स्पष्ट दिसत होती. पुण्याहून आलेल्या एका आजींनी वाटीत बोटं बुडवून गालाकडं हात नेला, तर राधिकानं तो वरच्यावर धरला.

"आजी, तोंडाला नाही हं. डॉक्टरांनी मना केलंय."

"अगो, नवरीच्या तोंडाला हळद नाही?"

"हात आहेत, पाय आहेत की. तोंड बरं होतंय माझं."

आजींनी कपाळावर आठ्या घातल्या आणि दंडाला हळद फासली. बायकांत कुजबुज झाली. नीलिमानं वाटी उचलली, गर्दीतून सरळ मागं आली आणि ती सुलेखापुढं धरली. इतक्या दिवसांत दवाखान्यातलं कामाचं सोडून तिनं सुलेखाशी शब्द काढला नव्हता.

"पायांना तू लाव," ती म्हणाली. "नीट लाव."

सुलेखा खाली बसली. राधिकाच्या पावलांना, घोट्यांना तिनं हळद लावली. थोडी फरशीवर सांडली. मान वर करायचा तिला धीर झाला नाही. ती उठून हात धुवायला गेली तर अकरा घरांतली एक बाई मागोमाग आली. इकडं-तिकडं बघत हळूच म्हणाली, "सुलेखा, मे महिन्यात जाणारच असशील ना? माझ्या सासऱ्यांच्या सांधेदुखीचं एक औषध आहे, इथं मिळत नाही बघ…"

सुलेखानं नळ बंद केला.

"डॉक्टरांची चिठ्ठी दे, आणतो की," ती म्हणाली. "खरं खोक्यासकट आणणार, आतल्या कागदासकट. आणि इथं आल्यावर माझ्यासमोर बसून वाचायचा. वजन जास्त झालं तर चिवडा कमी आणू."